कॅप्टन रूपसिंह आणि तीन निशाणे



यंदाच्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि खाऊवाटप आटोपल्यावर आपल्या शाळेच्या मैदानावर आठवी विरुद्ध नववी असा फुटबॉलचा सामना ठरला होता. रात्रभर पाऊस झाला होता. मैदानाचे तळे झाले नव्हते एवढेच. सकाळी सगळ्यांच्याच खिशाला टाचणीने लावलेला कागदी तिरंगा होता. खेळायला उतरताना एका मुलाने तो काढून कंपासपेटीत ठेवला. टाचणी टोचेल आणि कागद भिजेल, एवढाच त्याचा हिशेब. पण त्याच्याच संघातल्या मुलांनी त्याला अडवले. बिल्ला नाही तर खेळ नाही, असा हुकूम निघाला. त्यावर आणखीही काही बोलले गेले, ते येथे लिहीत नाही. मुलगा घरी निघून गेला. सामना संपल्यावर आम्ही मैदानातून चक्कर मारली तेव्हा चिखलात रुतलेले एकवीस तिरंगे हाती आले. ते पुसून, वाळवून कपाटात ठेवले आहेत. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, असे २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. ते मुलांना सांगायचे आमच्याकडूनच राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत या गोष्टीवर बराच वेळ बोलणे झाले आणि खरे सांगायचे तर आमच्यातही एकमत झाले नाही. काहींना वाटले की पुढल्या वर्षीपासून बिल्ला सक्तीचाच करावा, म्हणजे वादच नको. काहींना वाटले, खेळाच्या मैदानावर खेळच असावा. बोलता बोलता कोणीतरी कॅप्टन रूपसिंहांचे नाव काढले. मग लक्षात आले की ग्वाल्हेरच्या मुलांना हे नाव तोंडपाठ आहे, पण माणूस ठाऊक नाही. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव कळले ते क्रिकेटमुळे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक, आणि ते झाले आपल्या गावात, कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्ये. त्या दिवशी आपल्या घराघरांत जो आनंद झाला तो आम्ही पाहिला आहे. मराठी मुलाने मराठ्यांच्या ग्वाल्हेरात विक्रम केला म्हणून पेढे वाटणारे आजोबाही आम्हांस आठवतात. पण ज्यांच्या नावाच्या मैदानावर हे घडले ते रूपसिंह हॉकीचे खेळाडू होते आणि ते मैदानही मुळात हॉकीचे होते, हे त्या गडबडीत कोणी फारसे सांगितले नाही.

रूपसिंहांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूरला झाला. घराणे बैस राजपुतांचे. वडील सोमेश्वर दत्त सिंह ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत होते. फौजेची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. थोरले भाऊ ध्यानचंद १९०५ साली अलाहाबादेस जन्मले, रूपसिंह जबलपुरात, आणि शेवटी कुटुंब स्थिरावले झाशीला. झाशी आपल्यापासून रेल्वेने शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. छावणीचे गाव असल्यामुळे तेथे गोऱ्या पलटणींची हॉकी चाले आणि ती पाहून गावातली मुलेही खेळू लागत. ध्यानचंद सोळाव्या वर्षी फौजेत शिपाई झाले आणि तेथेच त्यांचा खेळ फुलला. धाकट्याने थोरल्याचे पाहून स्टिक हाती धरली. थोरला सेंटर फॉरवर्ड, धाकटा त्याच्या डावीकडे इनसाइड लेफ्ट. दोघांना एकमेकांची पावले न बघता कळत. रूपसिंहांच्या फटक्यात जोर विलक्षण होता. आपल्यापेक्षा रूप चांगला खेळतो, असे ध्यानचंद स्वतः मानत आणि सांगत. थोरल्या भावाने धाकट्याबद्दल असे म्हणणे ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. घरात दोन मुले असलेल्या पालकांना हे वेगळे सांगायला नको.

१९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी दोघांचीही निवड झाली. त्या वेळची एक हकीकत नेहमी सांगतात. परदेशी जाण्याजोगे कपडे नाहीत म्हणून रूपसिंह जायला तयार नव्हते; तेव्हा ध्यानचंदांनी त्यांच्यासाठी सूट शिवून घेतला. आपल्या भावाला कपड्यांसाठी ऑलिंपिक चुकू नये एवढी दक्षता थोरल्याने घेतली, आणि त्या सूटचे पैसे पुरेपूर वसूल झाले. त्या ऑलिंपिकच्या हॉकीत तीनच संघ होते. लाल शाह बुखारी आपले कप्तान. जपानवर ११-१ असा विजय मिळाला आणि ११ ऑगस्टला अमेरिकेवर २४-१. या चोवीस गोलांपैकी दहा रूपसिंहांचे आणि आठ ध्यानचंदांचे. ऑलिंपिक हॉकीत हा आकडा आजवर कोणी ओलांडलेला नाही. अमेरिकेने जो एक गोल केला त्या वेळी आपले गोलरक्षक ॲलन गोल सोडून प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, मुलांना आवडते म्हणून लिहिली.

पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, झाशी हीरोज या गावच्या संघाने कलकत्त्याला जाऊन बेटन कप जिंकला. अंतिम सामन्यात कलकत्ता कस्टम्ससारखा बलाढ्य संघ समोर होता. ध्यानचंदांना आयुष्यातला सर्वांत आवडता सामना कोणता असे विचारले की ते ऑलिंपिकचे नाव घेत नसत, या सामन्याचे घेत. आपल्या गल्लीतल्या मित्रांबरोबर जिंकण्याची गोडी वेगळीच असते.

आता रूपसिंहांच्या ग्वाल्हेरकडे वळू. ते मराठी नव्हते, पण त्यांची हयात गेली ती शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, संस्थानाच्या फौजेत. तेथेच ते कॅप्टन झाले. दौलतराव शिंद्यांच्या तळावरून ज्या वस्तीला लष्कर हे नाव पडले आणि जिच्यात कंपू नावाचा मोहल्ला आहे, त्या गावात फौजी माणूस परका कसा राहील? खेळाडूंना नोकरी द्यायची आणि संस्थानाचे नाव वाढवायचे, ही त्या काळच्या राजेरजवाड्यांची रीत होती. खेळाडूला मीठभाकरीची चिंता राहत नसे आणि संस्थानाला चषक मिळत. या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिच्याशिवाय गरीब घरातला एकही मुलगा त्या काळी ऑलिंपिकपर्यंत पोचला नसता, असे आम्हांस वाटते.

या माणसाच्या डोक्यावर किती निशाणे होती ते पाहा. पहिले शिंद्यांचे, नाग आणि सूर्य हे शिंद्यांचे राजचिन्ह आपण जयविलासच्या फाटकावर आणि जुन्या कागदांवर पाहतो. दुसरे ब्रिटिश हिंदुस्थानचे, ज्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक होता आणि जे घेऊन आपला संघ ऑलिंपिकला जाई. आणि तिसरे काँग्रेसचे तिरंगी निशाण, मधोमध चरखा असलेले. हे तिसरे तेव्हा साधे निशाण नव्हते. ते हाती धरल्याबद्दल तुरुंग मिळत असे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह सुरू झाला तो रूपसिंहांच्या जन्मगावी, जबलपुरात, आणि मग पेटला नागपुरात. निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्या शेकडो लोकांना पकडले गेले. जमनालाल बजाज त्यांत होते. संस्थानांतही हे निशाण डोळ्यांत खुपत असे. १९३८ साली म्हैसूर संस्थानातल्या विदुराश्वत्थ गावी ते लावायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. खिशाला टाचणीने लावायचा तो आज आपल्याला दहा रुपयांना पाच मिळतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिले.

१९३६ चे ऑलिंपिक बर्लिनला होते. ध्यानचंद कप्तान झाले. संघ बोटीने निघाला तेव्हा पैशांची तंगी होतीच. बर्लिनला पोचल्यावर १७ जुलैला जर्मन संघाशी सरावाचा सामना झाला आणि त्यात आपण ४-१ असे हरलो. ध्यानचंदांना त्या रात्री झोप आली नाही. तारा गेल्या, हिंदुस्थानातून दारा नावाच्या खेळाडूला विमानाने बोलावून घेतले. त्या काळी हॉकीपटूसाठी विमान, म्हणजे प्रसंग किती बाका होता ते समजा.

१ ऑगस्टला उद्घाटनाचे संचलन झाले. हिटलर समोर बसलेला. कित्येक देशांचे खेळाडू त्याच्यासमोरून जाताना उजवा हात पुढे ताणून वर करीत होते. त्यात एक गुंता होता, तो सांगितला पाहिजे. ऑलिंपिकची म्हणून एक जुनी सलामी होती, तीही जवळजवळ तशीच दिसे. फ्रान्सच्या खेळाडूंनी हात वर केले तेव्हा त्यांनी कोणती सलामी दिली यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण बर्लिनच्या प्रेक्षकांनी मात्र ती आपलीच समजून जल्लोष केला. चिन्हाचे असे असते. लावणारा एक अर्थ मनात धरतो, बघणारा दुसराच घेतो. आपले खेळाडू फिक्या निळ्या फेट्यांत, ध्यानचंदांच्या हाती झेंडा, असे समोरून गेले. त्यांनी हात वर केला नाही.

याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची तुकडीही गेली होती आणि तिने आपल्या कबड्डीसारख्या देशी खेळांचे व व्यायामांचे प्रयोग जगाला दाखवले. विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांना याचा अभिमान वाटेल, म्हणून जाता जाता नोंदवतो.

हॉकीत हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-०, जपानवर ९-० आणि उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १०-० असे विजय मिळाले. अंतिम सामना जर्मनीशीच. तो १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसामुळे दुसऱ्या दिवशी गेला. म्हणजे तारीख पडली १५ ऑगस्ट. अकरा वर्षांनी या तारखेचे काय होणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

महिन्यापूर्वीचा पराभव कोणी विसरले नव्हते. मैदान ओले, प्रेक्षक चाळीस हजारांच्या घरात आणि जवळजवळ सगळे जर्मनीच्या बाजूचे. आपले खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये गप्प बसले होते. संघाचे व्यवस्थापक स्वामी जगन्नाथ होते आणि त्यांचे साहाय्यक होते बंगालचे पंकज गुप्ता. या गुप्तांनी सामानातून काँग्रेसचे तिरंगी निशाण बाहेर काढले. खोलीतल्या सगळ्यांनी उभे राहून त्याला वंदन केले, प्रार्थना केली आणि मग ते मैदानावर गेले. संघातले एक खेळाडू मसूद यांनी या दौऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यात हा प्रसंग आला आहे. एरवी तो आपल्यापर्यंत पोचलाही नसता.

त्या खोलीत कोण कोण होते ते ध्यानात घ्या. ध्यानचंद, सम्राटाची शपथ घेतलेले फौजेतले शिपाई. ॲलन, टॅप्सेल, कलन, गॅलिबार्डी हे अँग्लो-इंडियन. त्यांच्या समाजाची भिस्त तेव्हा इंग्रज सरकारवर आणि रेल्वेच्या नोकऱ्यांवर होती. दारा, हुसेन, शहाबुद्दीन, जाफर हे मुसलमान. मुंबईकडचे निमल. आणि रूपसिंह. कोणाची नोकरी सरकारात, कोणाची संस्थानात. बातमी फुटली असती तर परत आल्यावर एखाद्याच्या पोटावर पाय आला असता. कोणी त्यांना सक्ती केली नव्हती, कोणी पाहत नव्हते, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार नव्हता. बाहेर गेल्यावर त्यांच्या अंगावर ते निशाण नव्हते.

पूर्वार्धात जर्मनीने चांगली झुंज दिली. मध्यंतराला आपण १-० असे पुढे होतो, एवढेच. उत्तरार्धात ध्यानचंदांनी ओल्या मैदानावर घसरू नये म्हणून बूट काढून टाकले आणि नंतर जे झाले ते जर्मनांना आवरले नाही. शेवटी ८-१. त्या आठांत एक गोल रूपसिंहांचा. संपूर्ण स्पर्धेत आपण ३८ गोल केले आणि आपल्यावर झाला तो हा एकच. प्रेक्षकांत बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड होते, असे सांगतात. बक्षीस समारंभात मात्र खांबावर चढला तो युनियन जॅक असलेला झेंडा, आणि वाजले ते इंग्रज राजाचे गीत. मनातले निशाण एक आणि खांबावरचे दुसरे, अशा स्थितीत ते विजेते उभे होते.

हिटलरने ध्यानचंदांना जर्मन फौजेत मोठ्या हुद्द्याची नोकरी देऊ केली आणि त्यांनी ती नाकारली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते. तिला त्या वेळचा कागदोपत्री आधार मिळत नाही. निबंध स्पर्धेत मुलांनी ती लिहिली तर आम्ही गुण कापत नाही, पण खात्रीची आणि जास्त मोलाची गोष्ट त्या बंद खोलीतली आहे.

येथे फुटबॉलची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपला तंटा फुटबॉलवरूनच झाला. बर्लिनच्या त्याच ऑलिंपिक स्टेडियममध्ये १४ मे १९३८ रोजी इंग्लंडचा फुटबॉल संघ जर्मनीशी खेळला. सामन्यापूर्वी इंग्लंडच्या खेळाडूंनी ओळीने उभे राहून नाझी सलामी दिली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ते मनात नव्हते. पण जर्मनीला दुखवायचे नाही असे त्यांच्या सरकारचे धोरण होते आणि वरून तसे सांगण्यात आले. सामना इंग्लंडने ६-३ असा जिंकला. तो गुणफलक आज कोणाला आठवत नाही, हात वर केलेले ते छायाचित्र मात्र पुस्तकापुस्तकांत आहे. स्वतंत्र देशाच्या खेळाडूंनी हुकमावरून सलामी दिली आणि परतंत्र देशाच्या खेळाडूंनी दोन वर्षे आधी ती दिली नव्हती.

इंग्लंडमध्येच आता दरवर्षी नोव्हेंबरात खिशाला कागदी खसखशीचे लाल फूल लावतात. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिले महायुद्ध थांबले, त्यात व नंतर पडलेल्या सैनिकांची ती आठवण. त्या महायुद्धात आपले सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले, तेव्हा ते फूल थोडे आपलेही आहे. फुटबॉलपटूंच्या सदऱ्यावरही ते असते. २०१६ साली इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संघांनी ११ नोव्हेंबरच्या सामन्यात ते दंडपट्टीवर लावले म्हणून जागतिक फुटबॉल संघटनेने त्यांना दंड केला. खेळात राजकीय चिन्ह नको, असा तिचा नियम होता. पुढल्या वर्षी तो सैल करावा लागला. दुसरीकडे जेम्स मॅक्लीन नावाचा खेळाडू ते फूल लावायला वर्षानुवर्षे नकार देत आला. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावचा. तेथे १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या होत्या. मैदानात त्याची हुर्यो झाली, त्याला धमक्या आल्या. आपल्याकडेही २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या हातमोज्यांवर लष्कराचे बलिदान चिन्ह होते आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ते काढायला लावले. त्यावर आमच्या खोलीत त्या वेळीही दोन तट पडले होते. तेव्हा आठवीच्या मुलांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

रूपसिंहांकडे परत येऊ. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके महायुद्धाने खाल्ली. ऐन उमेदीची वर्षे तशीच गेली. ग्वाल्हेरात ते क्रिकेटही खेळत. संस्थानाचा संघ १९४३-४४ मध्ये रणजी स्पर्धेत दिल्लीविरुद्ध उतरला, त्यात रूपसिंह होते. म्हणजे त्यांच्या नावाच्या स्टेडियमात पुढे क्रिकेट घुसले, याचा त्यांना फारसा राग आला नसता असे समजून आम्ही मनाची समजूत घालतो!

मग १९४७ आले. २२ जुलैला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. बर्लिनच्या खोलीत ज्या निशाणाला सगळ्यांनी मिळून वंदन केले होते ते आता देशाचे झाले, पण वंदन करणारे सगळे त्या देशात राहिले नाहीत. दारा पाकिस्तानात गेले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी पाकिस्तानच्या संघाचे नेतृत्व केले. लॉस एंजेलिसचे कप्तान लाल शाह बुखारी पाकिस्तानचे राजनैतिक प्रतिनिधी झाले. त्यांना आपण काय म्हणायचे? १५ ऑगस्ट १९३६ ची त्यांची भक्ती खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही.

त्याच १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये १२ ऑगस्टला वेम्बलीवर आपण ब्रिटनला ४-० असे हरवले आणि प्रथमच खांबावर तिरंगा चढला. कप्तान होते किशनलाल, आपल्या महूचे. रूपसिंह तेव्हा खेळाडू म्हणून संपले होते. त्याच वर्षी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले आणि शिंद्यांचे निशाणही फौजेवरून उतरले. तीन निशाणांपैकी एकच उरले, तेही खोलीत दडवून ठेवायची गरज नसलेले.

पुढली तीस वर्षे रूपसिंह ग्वाल्हेरातच राहिले. ध्यानचंदांना १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले. तसा मान धाकट्याच्या वाट्याला आला नाही. १९५७ मध्ये, सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षे झाली तेव्हा, ग्वाल्हेरात शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले आणि त्याला राणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले गेले. राणीने देह ठेवला तो येथेच. फुलबागेजवळची समाधी आपण दरवर्षी जूनमध्ये पाहतो. झाशीहून आलेल्या या खेळाडूच्या डोळ्यांसमोर ते महाविद्यालय वाढले. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुतण्या अशोककुमारने पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, तोही त्यांच्या हयातीतच. १६ डिसेंबर १९७७ रोजी ग्वाल्हेरातच त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी ध्यानचंदही गेले.

नंतर नावांचा खेळ सुरू झाला. ध्यानचंदांचा २९ ऑगस्ट हा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन झाला. २०२१ मध्ये राजीव गांधींच्या नावाचा खेलरत्न पुरस्कार ध्यानचंदांच्या नावाचा करण्यात आला, त्यावरही दोन्ही बाजूंनी बोलले गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिकडच्या भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा निघाला, त्यात स्टेशनांना खेळाडूंची नावे होती. ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस यांच्याबरोबर रूपसिंहांचेही एक स्टेशन होते. ग्वाल्हेरात २०२४ मध्ये शंकरपूरला माधवराव शिंद्यांच्या नावाचे नवे क्रिकेट स्टेडियम झाले. ६ ऑक्टोबरला तेथे बांगलादेशाशी पहिला आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या सामन्यालाच काही संघटनांचा विरोध होता, बंदची हाक दिली गेली आणि जमावबंदी लावून सामना पार पडला. आपल्यातले कित्येक जण तिकिटे खिशात ठेवून घरचे काय म्हणतील याचा विचार करीत होते, हे आम्हांस ठाऊक आहे.

बिल्ला सक्तीचा करण्याचे परिपत्रक निघालेले नाही. चर्चा अजून चालू आहे. घरी निघून गेलेला मुलगा पुढल्या शनिवारी परत आला. ज्यांनी अडवले होते त्यांनीच त्याला बोलावून आणले. तो खेळला आणि समोर मोकळा गोल असताना चेंडू बाहेर मारला. त्यावरून पुन्हा भांडण झाले, पण ते फुटबॉलचे.

कंपूला मध्य प्रदेश शासनाची मुलींची हॉकी अकादमी २००६ पासून आहे. येत्या ८ सप्टेंबरला रूपसिंहांच्या जन्मदिनी आठवी-नववीच्या मुलामुलींना तेथील सराव दाखवायला न्यायचे ठरले आहे. पालकांनी संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे. मुलांसोबत पाण्याची बाटली आणि छत्री द्यावी.

एक विनंती. आपल्या पुष्कळ घरांतली वडीलधारी मंडळी संस्थानच्या फौजेत किंवा कचेरीत होती. त्यांच्यापैकी कोणी रूपसिंहांना खेळताना पाहिले असेल, एखाद्या जुन्या ट्रंकेत संस्थानच्या हॉकी संघाचे छायाचित्र असेल, तर शाळेच्या कार्यालयात आणून दाखवावे. प्रत काढून मूळ त्याच दिवशी परत देऊ. छायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली असल्यास फारच चांगले. नसल्यास घरातल्या आजींना विचारून पेन्सिलीने लिहून आणावीत.